न जन्मलेल्या वराचं अपील

लग्नाळू मुलाने पत्रिका न देणं हा गुन्हा नाही. अनुप गद्रे, मूळ पुणे, हल्ली बेसिंगस्टोक, याने ती तत्त्व म्हणून दिली नव्हती आणि त्याच्या होणाऱ्या बायकोच्या, वैभवीच्या आई, लंडनच्या उपनगरातल्या स्टॅनमोरच्या डॉक्टर नीना वर्तक, यांनी ती तत्त्व म्हणून मागितली नव्हती. नीनाकाकू भूलतज्ज्ञ होत्या. शनी, मंगळ, साडेसाती हे सगळं त्यांनी तीस वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर सोडलं होतं.

"आम्ही असलं काही मानत नाही," त्या चहा ओतत म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी ठरवलंय, झालं. फक्त जन्मतारीख सांग. मायन कॅलेंडरसाठी."

"काकू, मग ते पत्रिकेसारखंच झालं ना?"

"छे रे, हे वेगळं. हे निसर्गाशी जोडलेलं आहे."

अनुप भौतिकशास्त्राचा पदवीधर होता. शनीही निसर्गातच मोडतो, हे त्याला माहीत होतं. पण त्याचा व्हिसा सप्टेंबरअखेर संपत होता. त्याआधी लग्न झालं तर इथे राहता येणार होतं, नाहीतर कंपनीच्या प्रोजेक्टबरोबर तोही पुण्याला परत. सोळा ऑगस्टची तारीख मिळाली होती. होम ऑफिसची, म्हणजे इथल्या गृहखात्याचीसुद्धा हरकत नव्हती. त्याने वाद न घालता सांगितलं, "एकोणतीस फेब्रुवारी एकोणीसशे ऐंशी."

नीनाकाकूंच्या गुरू मॉरीन शेजारीच बसल्या होत्या. अध्यात्माकडे वळण्याआधी त्या एका कौन्सिलच्या पार्किंग विभागात दंडाविरुद्धची अपिलं ऐकत असत. त्यांनी पुठ्ठ्याचं रंगीत चक्र फिरवलं, चष्मा पुसला, पुन्हा फिरवलं.

"एकोणतीस फेब्रुवारी आमच्या मोजणीत येत नाही."

"म्हणजे मला रास नाही?"

"रास फार पुढची गोष्ट. तू जन्मलेला नाहीस."

नीनाकाकू गंभीर झाल्या. स्थळ वाईट असतं तर काही उपाय होता. स्थळच नसेल तर काय करायचं?

"पण मम्मी, तो इथे बसला आहे," वैभवी म्हणाली. ती इथेच लंडनमध्ये, हॅरोत वाढलेली. "त्याने आत्ता तीन समोसा खाल्ला."

"गाडी समोर उभी आहे एवढ्याने भागत नाही," मॉरीन सौम्यपणे म्हणाल्या. "काचेवर तिकीट दिसावं लागतं."

मात्र त्यांच्या पद्धतीत प्रत्येक गोष्टीला उपाय होता. सव्वीस जुलैला त्यांचं नवीन वर्ष सुरू होतं. त्या दिवशी निसर्गाच्या सान्निध्यात वैयक्तिक नूतनीकरण केलं, की जन्माची रीतसर नोंद होणार होती.

सव्वीस जुलैच्या सकाळी स्टॅनमोर कॉमनच्या मोकळ्या रानात, एका ओकच्या मुळांमध्ये, रजईच्या तपकिरी डूव्हे कव्हरात गुंडाळलेला अनुप जन्माची वाट पाहत पडून राहिला. पाऊस भुरभुरत होता. कुत्रा फिरवायला आलेले एक आजोबा थांबले.

"सगळं ठीक आहे ना?"

"हो, त्याचा जन्म होतोय," वैभवी म्हणाली.

"अरे वा, अभिनंदन," म्हणून आजोबा पुढे गेले.

अनुप बाहेर सरपटला, पण मॉरीन नोंद करेनात. बाळ रडलं नव्हतं. अनुपने दोनदा प्रयत्न केला. तो खोटा म्हणून नामंजूर झाला. शेवटी मागे सरकताना त्याचा अनवाणी पाय खाजकुयलीसारख्या इंग्लिश झुडपात पडला आणि जन्म निर्विवादपणे झाला.

"सुंदर," मॉरीन म्हणाल्या. "आता वयाचं बघू. नवजात इसमाला लग्न करता येत नाही."

"मग काय अठरा वर्षं थांबू?"

"थांबला असतास. पण दोन हजार बारामध्ये हे युगच संपतंय. तेव्हा तू चार वर्षांचा असशील."

"पाचवं लागलेलं असेल," नीनाकाकू आशेने म्हणाल्या.

यावरही अपील होतं. कारच्या विम्यात जसा नो-क्लेम्स बोनस, तशी आधीच्या अस्तित्वाची अठ्ठावीस वर्षं पुढे ओढता येत होती. फक्त ते अस्तित्व प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार हवा होता.

घरी येऊन पुण्याला फोन लावला. स्पीकरवर अनुपची आई सगळं शांतपणे ऐकत होती.

"जन्माच्या वेळी कोण होतं म्हणजे? मीच होते की. होळीच्या आदल्या दिवशी झालास. आणि त्या बाईंना सांग, आमच्याकडे तिथीचा क्षय होतो, माणसाचा नाही. कसलं थोतांड घेऊन बसलात रे तिकडे."

नीनाकाकूंनी भाषांतर करताना शेवटचं वाक्य गाळलं. मॉरीननी साक्ष ग्राह्य धरली. अनुप अठ्ठावीस वर्षांचा झाला, वैभवीने त्याला मिठी मारली, नीनाकाकूंनी पेढे काढले.

"बरं, लग्न कधी म्हणालात?" फोनवरून आवाज आला.

"सोळा ऑगस्ट."

"अरे, चातुर्मास ना?"

नीनाकाकूंच्या हातातला पेढा तसाच राहिला. "अगं बाई. माझ्या लक्षातच नाही आलं."

"आई, आपण मुहूर्त मानत नाही ना?"

"मुहूर्त कोण म्हणतंय? चातुर्मास वेगळा. तुळशीचं लग्न होऊ दे, दुसऱ्या दिवशी करा."

"तोवर माझा व्हिसा संपेल."

"व्हिसा काय, परत मिळतो."

मॉरीननी काय झालं ते विचारलं. नीनाकाकूंनी समजावलं, की चार महिने देव झोपलेले असतात, तोवर लग्नं होत नाहीत.

"अपील कुणाकडे करायचं?"

"अपील नसतं."

"त्यांना उठवता येत नाही?" असं म्हणून मॉरीन हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"मॉरीन, प्लीज," नीनाकाकू ताठ होत म्हणाल्या. "हा आमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

सप्टेंबरच्या अखेरीस वैभवी हीथ्रोवर त्याला सोडायला आली. डोळे पुसत म्हणाली, "नोव्हेंबर काय, जवळच आली." अनुप रांगेत उभा राहिला. आईशी आपण दोन वाक्यांपलीकडे वाद का घातला नाही, याचं कारण तो शोधत होता. तिच्या म्हणण्यातही काहीतरी असेल, असं त्याला वाटून गेलं.

तुम्हालाही वाटलं होतं. ओकखाली तो रडला, तेव्हा तुम्ही मॉरीनना हसलात. मॉरीन चातुर्मासाला हसल्या, तेव्हा मात्र तुम्ही हसायचे थांबलात.