लखलखचे तीन मालक

मला तुम्ही कशातही हरवा. बुद्धिबळात हरवा, पोहण्यात हरवा, बायकोशी वाद घालताना तर मी हरूनच सुरुवात करतो! पण पुराव्याच्या बाबतीत माझ्या वाटेला जायचं नाही. मी केलेल्या प्रत्येक कामाची नोंद असते, तारखेसकट, मिनिटासकट. त्यामुळे जेव्हा एका बलाढ्य कंपनीची नोटीस माझ्या दारात येऊन पडली, तेव्हा मी घाबरलो नाही. उलट हात चोळले. म्हटलं, या! चुकीच्या माणसाशी गाठ आहे तुमची!

प्रकरण असं होतं. मी एका मोठ्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे पेशंटच्या याद्या म्हणजे नुसता उकिरडा. एकच आजोबा तीनदा नोंदवलेले, एका जागी वय सत्तर, दुसऱ्या जागी सात, तिसऱ्या जागी बाळंतपणासाठी दाखल! वैतागून मी अकरा वर्षांपूर्वी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. घाणेरडी यादी त्यात टाकायची, धुतलेली यादी बाहेर येते. नाव ठेवलं ‘लखलख’. आणि तो मी जगाला देऊन टाकला. फुकट! कोणीही घ्या, वापरा, उघडून बघा, हवा तसा बदला. याला मुक्त प्रोग्रॅम म्हणतात, आणि असे प्रोग्रॅम लिहिणारे आम्ही लोक स्वतःला थोडेफार संत समजतो. थोडेफार म्हणजे बरेच.

आता या कंपनीनं याद्या धुणारा स्वतःचा प्रोग्रॅम बाजारात आणला होता, त्याचंही नाव ‘लखलख’! आणि वर मलाच दम: हे नाव आमचं, पंधरा दिवसांत वापर बंद करा, नाहीतर कोर्टात भेटू.

“चोर तो चोर वर शिरजोर!” मी जेवणाच्या टेबलावर नोटीस आपटली.

“अहो, पण तुम्हीच म्हणता ना, प्रोग्रॅम सगळ्यांचा आहे?” बायको म्हणाली.

“प्रोग्रॅम सगळ्यांचा. नाव माझं!”

“म्हणजे घर वाटून टाकलंत आणि दारावरच्या पाटीसाठी भांडताय?”

तत्त्वाच्या गोष्टी प्रत्येकाला कळतात असं नाही. पण खरं सांगतो, अकरा वर्षं शनिवार-रविवार घालून वाढवलेलं पोर ते. दहा-अकरा हजार ठिकाणी लोक त्याला त्या नावानं ओळखतात. नाव गेलं तर उरलं काय?

खालच्या मजल्यावर एक वकीलबाई राहतात. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, “कंपनीच्या आधीपासून तुम्ही हे नाव वापरताय, एवढं दाखवता आलं तर तुमची बाजू भक्कम आहे. पुरावा आहे काही?”

“काही? बाई, पोतंभर आहे!”

मग मी त्यांना आमची पद्धत समजावून सांगितली. मुक्त प्रोग्रॅममध्ये एक अक्षर जरी बदललं, तरी काय बदललं आणि का बदललं, याची एक ओळ लिहावी लागते. ती ओळ कायमची राहते. खोडता येत नाही, कारण तिची प्रत जगभरातल्या मदतनिसांकडे असते. पहिल्या दिवसापासूनची सगळी नोंदवही माझ्याकडे आहे.

“मग त्यातली पहिल्या वर्षाची दोन-चार पानं द्या.”

“दोन-चार? छे! इतिहास तोडून द्यायचा नाही, हा आमचा नियम आहे. द्यायचा तर अख्खा.”

“तुम्ही वाचलाय ना सगळा?” बाईंनी विचारलं.

“बाई, मीच लिहिलाय! वाचायचा कशाला?”

हे वाक्य आठवलं की अजूनही मला घाम फुटतो.

ठरल्या दिवशी मी चारशे बारा पानांचा गठ्ठा काखोटीला मारून कंपनीच्या कचेरीत गेलो. शेजारी वकीलबाई. सगळीकडे काच, आणि गारठा असा की बोलताना दात वाजावेत. समोर कंपनीचा वकील. तरुण, गुळगुळीत, आवाज इतका मऊ की नोटीस यानंच लिहिली यावर विश्वास बसेना. मी गठ्ठा टेबलावर धाडकन ठेवला. पाण्याचा ग्लास हलला. मला फार बरं वाटलं.

“अथपासून इतिपर्यंत!” मी म्हणालो. “वाचा कुठलंही पान!”

त्यानं खरंच वाचलं. मोठ्यानं!

“‘हे का चालतं ते माहीत नाही. हात लावू नये.’ हे आपलंच?”

“हो, पण ते तांत्रिक आहे,” मी म्हणालो.

“‘आज काही केलं नाही. नुसती एक ओळ पुसून परत लिहिली.’”

“सराव चालू होता.”

“‘मेहुणे मुक्कामाला आलेत. काम बंद.’” त्यानं पान उलटलं. “‘मेहुणे अजून आहेत.’” आणखी एक पान. “‘मेहुणे गेले! सगळ्या चुका दुरुस्त!’”

वकीलबाईंनी खोकला काढला. तो खोकला नव्हता हे मला कळत होतं. मी म्हटलं, “साहेब, तुम्ही पहिलं पान काढा. तारीख बघा आणि विषय संपवा.”

त्यानं पहिलं पान काढलं. तारीख बघितली, मान डोलावली. माझी छाती फुगली. मग तो तारखेच्या पुढे गेला.

“‘नाव सुचेना. बायकोच्या भावाच्या लाँड्रीचं ढापलं आहे. तो काही कॉम्प्युटर वापरत नाही, त्याला कळणार नाही. नंतर बदलू.’”

खोलीत गारठा होता ना? तो एकदम गेला. माझे कान नुसते भाजून निघाले! अकरा वर्षांत मी हे साफ विसरलो होतो. लखलख लाँड्री! चौकातलं, निळ्या पाटीचं, माझ्या लग्नाचा सूट जिथे धुतला गेला ते दुकान!

“म्हणजे नाव तुमचंही नाही तर,” वकील मऊ आवाजात म्हणाला, आणि टाचणीनं पहिलं पान बाजूला लावून ठेवलं.

गठ्ठा त्यांच्याकडेच राहिला. घरी येताना जिन्यात वकीलबाई म्हणाल्या, “दोन-चार पानं म्हटलं होतं मी. आणि तीही आधी मी बघितली असती.”

मी तसाच कॉम्प्युटरवर बसलो. आमच्या मदतनिसांत एक जण आहे. कोण, कुठला, बाई की पुरुष, काही माहीत नाही. स्वतःला ‘घुबड’ म्हणवतो. त्याला लिहिलं, “पहिली नोंद गुपचूप पुसता येईल का?”

घुबडाचं उत्तर आलं, “येईल की. तीनशे जणांकडे प्रती आहेत, प्रत्येकाला विचारून पुसू. मी लगेच सगळ्यांना जाहीर पत्र पाठवतो, कुठली नोंद पुसायची ते नीट लिहून.”

“नको!” मी लिहिलं. तोवर त्यानं पाठवलंसुद्धा! संध्याकाळपर्यंत तीनशे माणसांनी ती नोंद वाचली. काहींनी खाली हसरे चेहरे लावले. एकानं विचारलं, मेहुणे नेमके किती दिवस होते?

पण खरा घोळ पुढेच झाला. कंपनीच्या डोक्यात आलं, की हा माणूस नावाचा मालक नाही, तर जो मालक आहे त्याच्याकडूनच नाव घेऊन टाकावं. त्यांची माणसं थेट लाँड्रीत गेली. सोबत पुरावा म्हणून काय नेलं? माझी चारशे बारा पानं!

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको माहेरी जाऊन आली. आली ती चप्पल न काढताच.

“‘मेहुणे गेले, सगळ्या चुका दुरुस्त.’ बरोबर?”

“अगं, ते तांत्रिक...”

“माझा दादा चार दिवस राहिला होता तेव्हा त्यानं तुमचे सगळे शर्ट इस्त्री करून दिले होते!”

“मला मान्य आहे.”

“अकरा वर्षं सांगताय, सगळं कोणालाही वाचायला खुलं आहे. मलाच दुर्बुद्धी, एकदाही वाचलं नाही! चला आता. दादानं बोलावलंय.”

लाँड्रीत वाफेचा ढग होता. ढगामागे दादा. सहा फूट उंची, हातात इस्त्री. मी नेहमी त्यांच्या पाया पडत नाही, त्या दिवशी पडलो.

“या जावईबापू,” ते म्हणाले. “पान दोनशे तीस. ‘मेहुण्यांचं घोरणं ऐकून पंख्याचा आवाज बंद झाल्यासारखं वाटतं.’ छान लिहिता तुम्ही. मी सगळं वाचलं.”

“दादा, माफ करा. नाव मी...”

“ढापलंत. तेही वाचलं.” त्यांनी इस्त्री उभी ठेवली, खणातून एक चौकटीत घातलेला कागद काढला. “हे बघा. नावाची नोंदणी. रीतसर, सरकारी. कपडे धुणं, इस्त्री करणं, रंगवणं आणि हे शेवटचं वाचा.”

मी वाचलं. कॉम्प्युटर प्रोग्रॅम!

“हे कसं काय?”

“फॉर्म भरला त्याच महिन्यात पावत्यांसाठी कॉम्प्युटर घेतला होता. म्हटलं, दुकानात जे जे आहे त्या सगळ्यावर टिक करावी. खुर्च्यांवर पण करणार होतो, ही नको म्हणाली.” त्यांनी आत वहिनींकडे बोट दाखवलं.

तारीख तेरा वर्षांपूर्वीची होती. माझ्याही आधीची, कंपनीच्या तर कितीतरी आधीची. अकरा वर्षं तत्त्वं सांगणारा मी आणि हजार माणसांची ती कंपनी, दोघंही एका टिकेपुढे आडवे!

“मग कंपनीला देणार तुम्ही नाव?” मी विचारलं. खोटं कशाला बोलू, रडूच येत होतं.

“त्यांना? त्यांचा तो वकील दुकानात आला आणि उभ्याउभ्या म्हणाला, तुमच्या या किरकोळ व्यवसायाला असं नाव हवंय कशाला? त्याला तिथूनच वाटेला लावला. त्याचा कोट माझ्याकडे धुवायला होता, तोही ओलाच दिला.”

मी त्यांच्या दुसऱ्यांदा पाया पडलो.

“थांबा, थांबा. तुम्हाला तरी फुकट का देऊ?”

“दादा, मी आयुष्यभर सगळं फुकटच...”

“ते तुमचं. हे माझं.” त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर बायकोचं अक्षर होतं! सकाळी चप्पल न काढता आली ती हे लिहूनच. “नाव खुशाल वापरा. पण प्रोग्रॅम उघडला की आधी माझ्या दुकानाची जाहिरात दिसली पाहिजे. फोन नंबरासकट.”

आता तुम्हाला कल्पना नसेल, पण मुक्त प्रोग्रॅममध्ये जाहिरात म्हणजे आमच्या जमातीत वाळीत टाकण्याचा गुन्हा. मी स्वतः या विषयावर दोन भाषणं ठोकली आहेत. त्यातलं एक तर उभं राहून! मी बायकोकडे बघितलं. ती वाळत घातलेल्या चादरींकडे बघत होती. मी दादांकडे बघितलं. त्यांनी इस्त्री परत हातात घेतली होती.

मी सही केली.

कंपनीनं मुकाट्यानं आपल्या प्रोग्रॅमचं नाव बदललं. आता ते तीन अक्षरं आणि एक आकडा असं काहीतरी आहे, त्यांच्याच माणसांना उच्चारता येत नाही म्हणतात. आणि माझा लखलख लखलखच राहिला. फक्त उघडला, की पांढराशुभ्र शर्ट झळकतो आणि खाली ओळ येते: ‘लखलख लाँड्री. डाग जाईल, रंग राहील.’ हा बदल करताना नियमाप्रमाणे कारणाची एक ओळ लिहावी लागली. मी लिहिलं, ‘घरगुती कारण.’ घुबडानं त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. लग्न झालेलं असावं.

लोक तुटून पडतील, शिव्या घालतील, या भीतीनं मी आठवडाभर पत्रं उघडलीच नाहीत. शेवटी धीर करून उघडली. एकच पत्र होतं, कुठल्यातरी लांबच्या दवाखान्यातल्या कारकून बाईंचं.

“अगं, इकडे ये!” मी बायकोला हाक मारली. “ऐक! ‘महोदय, आम्ही सात वर्षं लखलख वापरतो. कामात अतिशय चोख आहे. तुम्हाला लिहायचं आजवर राहून गेलं, त्याबद्दल क्षमस्व.’ बघ! बघ! अकरा वर्षांत पहिलं पत्र! कोणीतरी कदर केली!”

माझे डोळे भरून आले. बायकोचेसुद्धा, मी स्वतः पाहिलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, “पुढे काय आहे?”

पुढे होतं, ‘तुमच्याकडे पडदे धुवून मिळतात का?’

बायकोनं खांद्यावरचा हात काढला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

“किती आहेत विचारा,” बायको म्हणाली.

विचारलं. बत्तीस आहेत. त्यातले सहा मखमली.