सकाळभर पडणारी मावशी

श्रावणनं मावशीच्या गुडघ्यावर आपण स्वतः बनवलेला पट्टा चढवला आणि छाती फुगवून सांगितलं, "आता तुले कोणी अकोल्याले नेत नाई."

सत्यभामामावशी नांदगाव पेठेजवळच्या मळ्यात एकटीच राहायची. आपला झेंडू, आपल्या टायमाचा चहा, मोठ्या सुखात होती. पण मागे बांधावरून घसरली, तेव्हा अकोल्यात राहणाऱ्या तिच्या पोरानं, मनोजनं, बजावलं होतं, "आणखी पडलीस तं घेऊनच जाईन." म्हणून हा पट्टा. रबरासारखी ताणणारी मऊ तार आणि तिला जोडलेली टणक चिप. मावशी पडली तर मनोजच्या अन् श्रावणच्या फोनवर निरोप. निरोप नाही, म्हणजे आई ठणठणीत!

श्रावण बांधावर टेकला. धुकं अजून झेंडूवर लोळत होतं. त्यातून त्याला सगळ्या अमरावतीचे गुडघे दिसायला लागले, प्रत्येकावर त्याचाच पट्टा. म्हातारी माणसं तरंगत फुलं तोडत होती, आणि तारा ताणत ताणत पार वरूडच्या संत्र्यांपर्यंत गेल्या होत्या. अशा वेळी श्रावणला फोन ऐकू येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

इकडे मावशी फुलं तोडायला उकिडवी बसली. तार ताणली, चिप जागची हलेना, आणि दोघींचा सांधाच सुटला. पट्ट्याला वाटलं, बाई पडली. ती उठली की सांधा टेकायचा, बसली की सुटायचा. मावशीची टोपली भरत गेली आणि अकोल्यात मनोजच्या फोनवर त्याची आई झाडागणिक पडत राहिली.

दुपारी श्रावणनं फोनवर निरोपांची रांग पाहिली आणि तो मावशीकडे धावला.

"मावशे, तू पडली होती काय?"

"मी काहून पडू बापा? मी तं फुलं तोडून राहिली होती."

मग कुठे त्याचं डोकं चाललं. मऊ आणि टणक एकदम भेटले की बिनसतं. दोन्हींच्या मध्ये थोडा मऊ, थोडा टणक असा थर पाहिजे. त्यानं तो बसवला. मावशी बसली, उठली, पुन्हा बसली. सांधा जागचा हलला नाही. श्रावण पुन्हा आपल्या स्वप्नात तरंगायला लागला.

तेवढ्यात मनोज टेम्पो घेऊन आला. मावशीचं तोंड उतरलं. तिनं खाटेचा पाय घट्ट धरला. "मी नाई येत."

"नको येऊ, आई." टेम्पोतून सून उतरली, मग कूलर, मग अलमारी. "आमीच आलो राहाले. कायमचे."

मावशीनं कूलरपासून अलमारीपर्यंत सगळं सामान नजरेखालून घातलं. मग तिनं हळूच हात पुढे केला.

"मंग अकोल्याचं घर रिकामंच असंन ना? चावी दे."