खडकोशीच्या शाळेला राणी मिळाली

मुंग्यांची मुलंही शाळेच्या पटावर धरतात, म्हणून खडकोशीच्या कुमुद नाईकवडे बाईंनी एक राणी मुंगी पकडायचं ठरवलं. शाळेत दोनच मुलं उरली होती. दिवाळीपर्यंत पट वाढला नाही तर शाळेला कुलूप लागणार होतं आणि त्या दोघांना रोज घाट उतरून जावं लागणार होतं.

बाई ऊसवाल्या शिवाप्पा शिंत्र्यांकडे गेल्या. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीचे भुंगे धरायला त्यांच्याकडे प्रकाश सापळा होता. वर बल्ब, खाली टब.

"टबात रॉकेलचं पाणी नको हं," बाई म्हणाल्या. "पालक म्हणून यायच्यात त्या."

शिवाप्पांनी टब घासून घेतला आणि आत गोधडी अंथरली.

दिवेलागणीला पंखवाल्या राण्या उडाल्या. बऱ्याच जणी बल्बाभोवती गिरक्या घेऊन निघून गेल्या. एक तेवढी गोधडीवर उतरली.

"उजेड कशाला लावलाय?" तिने विचारलं.

"शाळेसाठी. तुमच्या मुली आमच्याकडे घालाल का?"

"अजून झाल्या नाहीत."

"चालेल. आम्ही थांबतो."

राणीने दुपारच्या जेवणाची चौकशी केली. खिचडी, आणि शनिवारी गूळ-शेंगदाणे, हे ऐकल्यावर तिने पंख उतरवले आणि शाळेच्या पायरीखाली राहायला गेली.

दिवाळीच्या तोंडावर विस्तार अधिकारी लोखंडे मॅडम तपासणीला आल्या. त्या कधी हसल्याचं तालुक्यात कोणाला आठवत नव्हतं. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांगा उभ्या होत्या.

"सगळ्या मुलीच?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्या."

"वा. नावं सांगा."

बाईंनी पायरीकडे पाहिलं. नाव नसलेलं मूल पटावर धरता येत नाही.

"बारसंच झालेलं नाही," राणी पायरीखालून म्हणाली. "आत्या लागते ना. यांच्या आत्या कुठं उडून गेल्या, मला काय ठाऊक?"

शिवाप्पा धावत सुटले. घटकाभरात गावातल्या झाडून सगळ्या बाया आत्या व्हायला आल्या. कोणी घुगऱ्या आणल्या, कोणी झबली आणली, ती फारच मोठी झाली. एकेक जण गुडघे टेकून वाके, नाव सांगे आणि कानात कुर्र करी. कान नक्की कुठे, ते राणीने आधीच दाखवून ठेवलं होतं. देवींची नावं संपली, मग नद्यांची, फुलांची. पैठणी झाली, इरकल झाली, कोथिंबीरसुद्धा झाली. हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी एकच मुलगी राहिली, आणि कोणालाच नाव सुचेना.

लोखंडे मॅडमनी चपला काढल्या. त्या फरशीवर बसल्या, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हेमलता." त्यांचं स्वतःचं नाव ते, आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी वर्गभर घुमेल असं कुर्र केलं आणि घुगऱ्यांसाठी हात पुढे केला.