रिकाम्या खुर्चीवरचा हार

भोरच्या कचेरीतले कारकून आनंदराव यांना देवानं सगळं काही दिलं होतं, पण शेजार मात्र नारोपंतांचा दिला होता. त्यामुळे बाकीचं दिलेलं सगळं फुकट गेलं होतं. दोघं एकाच आळीत राहत, कचेरीत एकाच सतरंजीवर बसत आणि दिसले की हसून एकमेकांना "या, बसा" म्हणत. पण नारोपंतांनी नवी छत्री घेतली की आनंदरावांना भर उन्हाळ्यात पावसाची काळजी लागे. नारोपंतांकडचं लोणचं वर्षभर टिके आणि तेवढेच दिवस आनंदरावांच्या पोटात आंबत राही.

त्यात दोघांचे मुलगे हायस्कुलात एकाच वर्गात. आनंदरावांचा बंडू आणि नारोपंतांचा दिगू. दिवाळीच्या सुट्टीआधी हेडमास्तरांनी गावातल्या पालकांना बोलावून घेतलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. मुलं कपाळावर झुलपं सोडतात, टोपी खिशात ठेवतात, आरशासमोर तासन्‌तास उभी राहतात आणि मग रात्री जागून अभ्यास करतात. त्यानं तब्येत जाते, मनही थाऱ्यावर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"सुट्टी संपून शाळा उघडेल त्याच दिवशी चार वाजता पालकांची सभा घेतो," हेडमास्तर म्हणाले. "टोपी, धोतर, नखं, केस, सगळं तपासणार. जो मुलगा सर्वांत नीटनेटका आणि प्रसन्न दिसेल, त्याच्या वडिलांना व्यासपीठावर माझ्या शेजारी खुर्ची आणि फुलांचा हार. कचेरीतले साहेबही येणार आहेत."

आनंदरावांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्यांना ती खुर्ची दिसू लागली होती. खुर्चीवर हार घातलेले नारोपंत बसले होते आणि खाली सतरंजीवरून टाळ्या वाजवत होते ते स्वतः. ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

सुट्टीत आनंदराव सहकुटुंब सासुरवाडीला, सारोळ्याला गेले. सासऱ्यांनी जावयाचं कोडकौतुक केलं, पण जावयाचा जीव भोरमध्ये अडकलेला. नारोपंत आता काय करत असतील, दिगूला काय खाऊ घालत असतील, ह्या विचारानं त्यांना करंजीही गोड लागेना. शेवटी त्यांनी साळूबाईला गाठलं. साळूबाई दर बाजाराला सारोळ्याहून भोरला भाजी घेऊन जायची आणि नारोपंतांच्या दारावरूनच तिचा रस्ता होता.

"साळूबाई, नारोपंतांचा मुलगा दिसला का गं?"

"दिसला की. वसरीवर न्हावी बसलावता. मागनं पार बारीक केस केल्यात पोराचं."

आनंदराव तडक उठले आणि गावातल्या कोंडिबा न्हाव्याला बोलावून आणलं. बंडूचे केस दिगूपेक्षा बारीक झाले पाहिजेत, असं बजावलं. बंडू सोळा वर्षांचा होता. त्यानं मधोमध भांग पाडण्याइतके केस मोठ्या कष्टानं राखले होते. भांग गेला, पण वर बोटभर केस उरले म्हणून त्यानं कसंबसं मन आवरलं.

पुढच्या बाजारानंतर साळूबाई आपण होऊनच सांगायला आली.

"आज तर लईच नवाल, राव! त्या पोराचं डोसकं असं चकाकतंय, त्यात तोंड बघून घ्यावं!"

आनंदरावांच्या काळजात धस्स झालं. डोकं चकाकतंय म्हणजे काय? म्हणजे नारोपंतांनी सरळ वस्तरा फिरवला! केसच नाहीत, मग केसांत खोट काढणार कोण? हा माणूस इतका पुढचा विचार करतो आणि आपल्याला तो कधीच सुचत नाही, ह्या जळफळाटात त्यांनी पुन्हा कोंडिबाला हाक मारली. त्यांच्या पत्नी सगुणाबाई बहिणीच्या बाळंतपणासाठी चार दिवस किकवीला गेल्या होत्या, त्यामुळे हात धरणारं घरात कोणी नव्हतं.

"कोंडिबा, वस्तरा काढ."

"दाढी करायची व्हय, राव?"

"माझी नाही. बंडूचं डोकं. तुळतुळीत."

कोंडिबानं आधी बंडूकडं पाहिलं, मग आनंदरावांना नीट न्याहाळलं.

"पर तुमी तर हितं बसलाया."

"मग मी कुठं असायला हवा?"

"तसं न्हवं, घरात कुनी गेलं असलं तर सांगा. सासरं बरं हायत न्हवं?"

"मागच्या ओट्यावर पान खाताहेत. अरे, हायस्कुलाचा हुकूम आहे हा! स्वच्छता! फिरव म्हटलं की फिरव. आणि ती मिशीही काढ."

"अण्णा, मिशी नको!" बंडू ओरडला. "किती दिवस लागलेत तिला!"

"इतके दिवस लागून जी आली नाही, ती गेली तर काय बिघडलं?"

मिशी गेली. डोक्यावर मागं शेंडीचे चार केस तेवढे राहिले. कोंडिबानं सामान गुंडाळलं आणि आनंदरावांकडं एकदा मागं वळून पाहत, मान हलवत तो निघून गेला. आनंदराव मात्र समाधानानं लेकाचा गोटा कुरवाळत बसले. नारोपंतांना मागं टाकल्याचं सुख त्यांना उभ्या जन्मात पहिल्यांदाच मिळत होतं.

शाळा उघडायच्या दिवशी बंडूला सकाळच्या मोटारीनं एकट्याला पुढं धाडलं. आनंदराव स्वतः दुपारच्या मोटारीनं निघाले, कारण वाटेत किकवीला सगुणाबाई चढणार होत्या. हार गळ्यात पडताना बायकोनं पाहिलं नाही तर त्या हाराला अर्थ काय? सगुणाबाई नवं लुगडं नेसून, अंबाड्यात शेवंतीची वेणी माळून आल्या. मोटार सुटली तशी त्यांनी पहिली चौकशी लेकाची केली.

"बंडूचे केस नीट बसवलेत ना हो?"

"बसवले कसले, उडवलेच! गोटा केला. मिशीसकट."

सगुणाबाईंचा हात आपसूक कपाळावरच्या कुंकवाकडं गेला.

"अहो, काय केलंत हे! मिशीसकट? बाप गेल्याशिवाय पोराची मिशी कोणी काढतं का? आणि तसा एकटाच पाठवलात त्याला शाळेत?"

"दिगूचाही गोटाच आहे. साळूबाईनं डोळ्यांनी पाहिलाय," आनंदराव म्हणाले. पण हे बोलताना त्यांचा आवाज जरा खाली आला. तेवढ्यात कापूरहोळच्या फाट्यावर मोटारीचं चाक बसलं, आणि ड्रायव्हर सदरा काढून गाडीखाली शिरला.

इकडं भोरमध्ये काय झालं ते आनंदरावांना नंतर कळलं, पण आपण ते आत्ताच पाहून घेऊ. शाळेच्या फाटकात शिपाई गेनबा उभा होता. वेल्ह्याकडच्या पासली गावचा हा माणूस अतिशय मायाळू. नियमाप्रमाणे मुलांच्या टोप्या काढून तो डोकी बघत होता. बंडूची टोपी निघाली आणि गेनबाच्या हातातून ती खालीच पडली.

"आरं माज्या लेकरा! कवा झालं रं ह्ये?"

केसांचं नाव निघताच बंडूला भडभडून आलं. सारोळ्यापासून दाबून धरलेलं रडू त्यानं गेनबाच्या खांद्यावर मोकळं केलं. गेनबानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, "बोलू नगंस, काय बी बोलू नगंस" म्हणाला आणि डोळे पुसत हेडमास्तरांकडं गेला. मुलगा सुट्टीत आजोळी गेलेला, सुट्टी संपल्यावर मुंडण करून परत आलेला, सोबत आई नाही की बाप नाही. ह्यात विचारण्यासारखं उरलंच काय होतं?

"सर, अण्णा—" बंडूनं हेडमास्तरांना सांगून पाहिलं.

"समजलं, बाळ, सगळं समजलं. मनाला जप. आज गणिताच्या परीक्षेलाही बसू नकोस."

बंडूचं गणित भलतंच कच्चं होतं. त्यानं तोंड मिटून घेतलं आणि नंतर दिवसभर उघडलं नाही. ज्या बापानं आपली मिशी घालवली, त्याच्यासाठी इतकं पुरे, असंही त्याला वाटलं असावं. दुपारपर्यंत बातमी कचेरीत पोचली. पालकांच्या सभेची शोकसभा झाली.

मोटार भोरला पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. आनंदराव उपरणं सावरत, बायकोला मागं टाकत हायस्कुलापर्यंत धावतच आले. सभा सुरू झाली होती. दार लोटलेलं होतं, म्हणून ते बाजूच्या खिडकीशी थबकले. आतून कचेरीतल्या साहेबांचा आवाज येत होता.

"असं अक्षर मी आजवर पाहिलं नाही. मोती! आणि स्वभाव? कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही, कोणाचा हेवा केला नाही."

आनंदरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे निकाल लागलासुद्धा! आणि एवढं कौतुक? नारोपंतांचं अक्षर मोती? ते तर कोंबडीनं उकरल्यासारखं! त्यांच्या स्वतःच्या वाट्याला साहेबांकडून "शाई कमी वापरा" ह्यापलीकडं कधी काही आलं नव्हतं. ते टाचा उंचावून आत पाहू लागले. हेडमास्तरांच्या शेजारी खुर्ची होती, पण रिकामी. खुर्चीच्या पाठीवर झेंडूचा भलामोठा हार होता. आणि बोलायला उठले होते ते नारोपंत. हातात रुमाल, डोळे लाल.

"खरं सांगतो," नारोपंत म्हणाले, "मी ह्या माणसावर उभा जन्म जळलो. मी छत्री घेतली ती त्यानं पाहावी म्हणून. मागच्या बाजारच्या दिवशीसुद्धा माझ्या दिगूच्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं, भांग चकाकला पाहिजे म्हणून. का? तर बंडूपेक्षा तो उजवा दिसावा! आता कुणासाठी हे सगळं करू? कैलासवासी आनंदरावांसारखा माणूस पुन्हा होणे नाही."

खिडकीबाहेर आनंदरावांनी गज घट्ट धरले. आधी अंगावर काटा आला, मग एक गोड शिरशिरी आली आणि तिच्या मागोमाग मत्सर आला. खुर्ची, हार, साहेब, मोत्यासारखं अक्षर, सगळं त्या कैलासवासी आनंदरावाला! त्यानं केलं काय? मेला, एवढंच ना? आणि आपण इथं धुळीत उभे!

"अहो, चला आत," मागून धापा टाकत आलेल्या सगुणाबाई म्हणाल्या.

"थांब गं जरा. हेडमास्तर अजून बोलायचे आहेत."

सगुणाबाईंनी आतला हार पाहिला, खाली मान घालून बसलेलं लेकाचं बोडकं डोकं पाहिलं आणि त्या थांबल्या नाहीत. दार धाडकन उघडून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि अंबाड्यात शेवंतीची वेणी अशा त्या आत शिरल्या. बायकांच्या बाजूला नारोपंतांच्या चंद्राबाईंनी तोंडावर पदर धरला.

"अगं बाई! सगुणाबाई! निदान आज तरी वेणी—"

"मेले का माझे यजमान?" सगुणाबाई कडाडल्या. "हे काय, खिडकीला लोंबकळताहेत!"

साऱ्या सभेनं खिडकीकडं पाहिलं. आनंदरावांनी गजांआडूनच नमस्कार केला. गेनबा "भूत! भूत!" करत घंटेकडं धावला, साहेबांना ठसका लागला, आणि पहिल्या बाकावर बंडू हसावं की रडावं ह्या विचारात डोकं खाजवत बसला.

गोंधळ निवल्यावर हेडमास्तरांनी आधी बंडूला जवळ घेतलं, मग आनंदरावांना खडसावलं. "मुलगा प्रसन्न दिसावा असं म्हटलं होतं मी. हा सकाळपासून रडतोय. केसांवर प्रेम असतं हो ह्या वयात! विचारलंत तरी का त्याला?" आनंदराव खाली सतरंजीवर बसले. डोकी पुन्हा तपासली गेली. दिगूचा तेलानं चोपडलेला भांग अव्वल ठरला. तोच हार खुर्चीवरून उचलून नारोपंतांच्या गळ्यात पडला.

नारोपंत खुर्चीवर ताठ बसले आणि आता आपल्याबद्दल कोण काय बोलतं म्हणून वाट पाहू लागले. पण सभेतले सगळे चांगले शब्द आनंदरावांवर खर्च होऊन गेले होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. हेडमास्तर उठले, घसा खाकरून म्हणाले, "नारोपंतही बरे आहेत," आणि खाली बसले. टाळ्याही जेमतेमच पडल्या. हाराखाली नारोपंतांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि तो उतरताना आनंदरावांनी पोटभर पाहून घेतला.

घरी येताना बंडू बापाच्या चार पावलं पुढंच चालत राहिला. ओट्यावर पोचल्यावर आनंदरावांनीच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "पुन्हा वाढतील रे. भांग पाड. मिशीही ठेव."

"गणिताची परीक्षा द्यायला लागेल आता," बंडू म्हणाला. त्याला दुःख होतं ते एवढंच.

आठ-दहा दिवस नारोपंतांचं कचेरीत लक्ष लागेना. साहेबांनी कामावरून एकदा हटकलं तेव्हा ते खिन्न हसून म्हणाले, "मी गेल्यावर कळेल माझी किंमत." मग एक दिवस त्यांनी रजा टाकली आणि दिगूला घेऊन बायकोसह आपल्या गावी निघून गेले. बरेच दिवस लोटले. एका सकाळी आनंदराव ओट्यावर दात घासत होते तर समोरून दिगू एकटाच येताना दिसला. टोपी कानांपर्यंत खाली ओढलेली. तो जवळ आला तेव्हा आनंदरावांच्या लक्षात आलं, की गावी जाताना त्याच्या ओठावर असलेली लव आता नव्हती.

आनंदराव दात घासायचं विसरले. ते लगबगीनं आत गेले.

"अगं, माझं उपरणं धुऊन ठेव. संध्याकाळी शोकसभेत मला बोलायचंय."

"कुणाच्या?" सगुणाबाईंनी घाबरून विचारलं.

"कैलासवासी होऊ पाहणाऱ्या नारोपंतांच्या," आनंदराव म्हणाले. ते चुळा भरत, शेजारच्या बंद दाराकडं बघत भाषण मनाशी जुळवू लागले होते. दोन वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं, तिसरं म्हणून बोलायचं नाही, असं त्यांनी पक्कं ठरवून टाकलं होतं.