अनेकांत आणि देवलाची म्हैस

तत्त्वज्ञान घरात, दुकानात, चुलीपाशी आणि पाटीवर एकदम चालवून दाखवणारी बाई अख्ख्या शेलूबाजारात एकच होती, आणि ती मी! हे मी स्वतःच सांगते आहे, कारण दुसरं कोणी सांगेल याची वाट पाहता पाहता केस पिकले.

माझ्या विद्येचा उगम म्हणजे आमच्या ह्यांच्या किराणा दुकानातली रद्दी. पुडी बांधण्याआधी प्रत्येक कागद मी वाचून काढायची. त्यामुळे पृथ्वी फिरते हे मला पक्कं माहीत होतं, पण ती का फिरते ते जिऱ्याच्या पुडीबरोबर कोणाच्या तरी घरी गेलं. मुतखड्याची लक्षणं तोंडपाठ. उपाय मात्र हळदीला गुंडाळला गेला. अख्खं असं मी एकच ऐकलं होतं, ते म्हणजे चातुर्मासातली महाराजांची प्रवचनं. पहिल्या रांगेत बसून, डुलकी न घेता! तिथं मला अनेकांत सापडला.

गोष्ट साधी आहे. कुठल्याही वस्तूला अनेक अंगं असतात, आपल्याला एका वेळी एकच दिसतं. म्हणून छातीठोक निकाल द्यायचा नाही. "एका अंगानं असं आहे" एवढंच म्हणायचं आणि दुसऱ्या अंगासाठी जागा ठेवायची. किती सुंदर! मला वाटलं, हे देरासरात, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, कुलूप लावून ठेवायचं ज्ञान नाही, हे तर रोज वापरायचं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मला वापरायला अकरा बायका मिळाल्या. सरकारनं प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढले होते. बायकांचा वर्ग आमच्या दुकानामागच्या गोदामात, दुपारी, गुळाच्या ढेपा आणि शेंगदाण्याच्या पोत्यांच्या मध्ये भरायचा. शिक्षिका मी!

सरकारनं अंकलिपी दिली होती. ती आम्ही दोन महिन्यांत संपवली आणि मग मी माझ्या पद्धतीवर आले. गणित वेगळं, स्वयंपाक वेगळा, भूगोल वेगळा आणि धर्म वेगळा, असल्या भिंती मला मान्यच नाहीत. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी कालवलं तर दोन वाट्या भरतात का? बायकांनी करून पाहिलं. नाही भरत! झालं, एका तासात बेरीज, पदार्थविज्ञान, अनेकांत आणि सरबत! बायका खूष, मी खूष. एक आमचे हे सोडून. साखर त्यांची होती.

अकराजणींत हुशार म्हणाल तर पंचफुला. बौद्धवाड्यातल्या भिवाजीची सून. नवरा गेलेला, पदरी एक मुलगी. दिवसभर शेतात निंदणाला जाऊन, दुपारची सुट्टी मागून यायची आणि मातीनं भरलेल्या बोटांनी असं अक्षर काढायची की माझ्या अक्षरानं लाजावं. गावच्या दवाखान्यात आयाची जागा निघाली होती. तिनं अर्ज केला होता. साक्षरतेचा दाखला परवापर्यंत जोडायचा होता, नाहीतर जागा दुसरीला. दाखला द्यायला मंगरूळहून तपासनीस येणार होते, परीक्षा घेऊन जागेवरच सही करणार होते.

"काकू, माह्यं होईन ना?" तिनं विचारलं.

"होईन म्हणजे? अगं, साहेब तोंडात बोट घालतील!" मी म्हणाले.

साहेबांना नुसती अक्षरं काय दाखवायची? मी आंधळ्यांचा आणि हत्तीचा दृष्टांत प्रत्यक्ष करून दाखवणार होते. डोळे बांधलेल्या एकीच्या हाताला कान लागला की ती म्हणणार सूप, दुसरीला पाय लागला की खांब, तिसरीला शेपूट लागलं की दोरी. मग मी पट्ट्या सोडणार आणि अनेकांत सिद्ध! आता शेलूबाजारात हत्ती कुठून आणणार? म्हणून म्हैस. तीही ओळखीची नको, म्हणून बाजाराला म्हैस विकायला घेऊन आलेल्या देवलाला मी गाठलं.

"घडीभर गोदामामागं बांध. शाळेचं काम आहे."

"म्हशीले शिकोता का शेठानीबाई?" देवला म्हणाला. मी दुर्लक्ष केलं.

तपासनीस गुलाबसिंग साहेब एसटीतून उतरून आले. जाड भिंगांचा चष्मा, घामानं ओली झालेली टोपी, हातात कागदांची फाईल. माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. त्यांनी पाणी मागितलं आणि थेट सुंदरबाईकडे वळले. सुंदरबाई आमच्या वर्गात सगळ्यांत म्हातारी.

"आजी, पाच आणि तीन किती?"

"कायचे साहेब?"

"कशाचेही."

"असं कसं? पाच वाट्या पानी अन् तीन वाट्या साखर घेतली, तं आठ नाई भरत. आमी कालवून पाह्यलं."

साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी घाईनं म्हणाले, "एका अंगानं बरोबर आहे, साहेब."

"आणि दुसऱ्या अंगानं?"

"दुसऱ्या अंगानं आठ."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमचे हे वजनात खोट असलेल्या पोत्याकडे पाहतात. मग अंजनाकडे वळले. अंजना नुकतं लग्न होऊन आलेली, लाजरी. "तू सांग बरं, सूर्य कुठे उगवतो?"

अंजना उभी राहिली, पदर सावरला आणि स्पष्ट म्हणाली, "उगवतच नाई, साहेब."

"काय?"

"तो जाग्यावरच राह्यते. आपन फिरून राह्यलो. आपल्या अंगानं पाह्यलं तं उगवते, त्याच्या अंगानं पाह्यलं तं आपन उगवतो."

"अगं बाई, पूर्वेला म्हण ना!" साहेब कळवळून ओरडले.

पद्धत माझीच, शब्द माझेच, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते मला चक्क येडपटपणाचे वाटायला लागले! मी डोळ्यांनी पंचफुलाला खुणावलं, की बाई, तू तरी सरळ बोल.

साहेबांनी तिला फळ्यावर बोलावलं. "लिही. मी साक्षर आहे."

तिनं खडू घेतला. मोत्यांसारख्या अक्षरांत लिहिलं: 'एका अंगानं मी साक्षर आहे.'

साहेबांनी फळा दोनदा वाचला.

"मी एवढंच सांगितलं होतं का?" साहेब म्हणाले.

"नाई साहेब. पण खोटं कसं लिवू? मले वाचता येते. तुमच्या हातातला फारमही वाचता येते. पण त्याच्यात लिवलं काय, ते समजत नाई. मंग पुरी साक्षर कशी म्हनू?"

साहेबांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला. बहुतेक त्यांनाही तो कधी समजला नव्हता. मग खिशातून पेन काढत सुस्कारा सोडला. "बाई, इथे दोनच खण आहेत. साक्षर किंवा निरक्षर. ही स्वतःच म्हणते पूर्ण नाही, तर मी शेरा लिहितो, 'अंशतः साक्षर.'"

"आन् त्याच्यावर नोकरी लागते?" पंचफुलानं विचारलं.

"नाही."

पंचफुलाच्या हातातला खडू मोडला. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं! तिनं असं पाहिलं की जणू मी आता काहीतरी करणारच. आणि मी काय करणार? माझ्याजवळ तर एक म्हैस होती.

"थांबा साहेब!" मी ओरडले. "सही करण्याआधी मागं चला. सगळं समजेल!"

साहेब बिचारे आले. मी तिघींचे डोळे बांधले आणि म्हशीपाशी उभं केलं. देवला दावं धरून उभा. गडबड ऐकून आमचे हेही दुकान सोडून दारात आले.

अंजनाचा हात शिंगावर ठेवला. "सांग, काय लागलं?"

"म्हैस."

"अगं, लगेच नाही म्हणायचं! काठीसारखं लागलं की नाही?"

"काठी कायले लागन काकू? वासच येऊन राह्यला. म्हैस हाये."

मी घाईघाईनं सुंदरबाईच्या हातात शेपूट दिलं. "दोरी वाटते ना, आजी?"

सुंदरबाईनं शेपूट चाचपलं, मग माझी परवानगी न घेताच हात खाली कासेकडे नेला. "दुसऱ्या वेताची हाये. डावा सड बंद हाये. आपल्या गावची नाई."

मी थक्क! साहेब थक्क! देवला तर दावं सोडायचाच बाकी राहिला. पंचफुलानं तेवढ्यात पोटावर दोन्ही हात फिरवले, कान लावला आणि शांतपणे म्हणाली, "गाभन नाई."

"अवो बाई!" देवला किंचाळला.

"देवला," दारातून आमचे हे म्हणाले, "तू तं मले सकाळी पाचवा महिना सांगतला होता ना?"

"म्हणजे तुम्ही ही म्हैस घेत होता?" आता किंचाळायची पाळी माझी.

"तुले अचंबित करावं म्हनलं होतं," हे पडेल आवाजात म्हणाले.

केलं त्यांनी! अडीच हजार वर्षं ज्या दृष्टांतानं पंडितांना गप्प केलं, तो माझ्या तिघींनी डोळे बांधून, हातानं उलथवून टाकला. ज्यांचा जन्म गोठ्यात गेला त्यांना अर्धं जनावर दाखवून फसवता येईल, असं मला वाटलंच कसं?

पण साहेबांना वाटलं दुसरंच. "ह्यांनी पट्टीच्या फटीतून पाहिलं," ते म्हणाले. "मी करून पाहतो." सरकारी माणसाला पडताळणीचा मोह आवरत नाही. त्यांनी चष्मा काढला, फाईलवर ठेवला, फाईल स्टुलावर ठेवली आणि स्वतःचे डोळे स्वतःच्या रुमालानं गच्च बांधले. मग हात पुढे करून म्हशीच्या तोंडाकडून निघाले.

"हे... ओलं आहे... गार... पिशवी आहे का?"

म्हशीनं जीभ काढून त्यांचा हात तळव्यापासून कोपरापर्यंत चाटला. साहेबांनी मागं अशी उडी मारली की स्टूल आडवं, फाईल मातीत, आणि त्यांच्याच बुटाखाली कट्ट! चष्म्याची दोन्ही भिंगं गेली.

रुमाल सोडून साहेब डोळे बारीक करून उभे राहिले. "मला काही दिसत नाही," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "लिहिता येणार नाही. नवीन चष्मा करून पुढच्या महिन्यात येतो."

पुढच्या महिन्यात! पंचफुलाची मुदत परवा. मी पोत्यावर बसले. अनेकांत, सरबत, म्हैस, सगळं मिळून मी त्या पोरीची भाकर घालवली होती.

पंचफुलानं मात्र मातीतून फाईल उचलली, झटकली, स्टूल सरळ केलं आणि साहेबांच्या खिशातलं पेन मागून घेतलं.

"तुमी सांगा साहेब, मी लिवतो."

"तू?"

"दुसरं कोन हाये? काकूचं अक्षर तुमी फळ्यावर पाह्यलंच असन."

साहेब सांगू लागले, ती लिहू लागली. केंद्राचं नाव. गाव. तारीख. एकेकीचं नाव आणि पुढे खूण. एका जागी साहेब अडले, "ते... 'अनुक्रमांक'च्या पुढचं काय आहे?" तिनं वाचून दाखवलं. दुसऱ्या जागी त्यांनी चूक सांगितली, तिनं सुधारली. स्वतःच्या नावापुढे आली तेव्हा ती थांबली.

"साहेब, इथं काय लिवू?"

साहेब तिच्या आवाजाच्या दिशेनं वळले. मग म्हणाले, "साक्षर. आणि बाई, पुढे काही जोडू नको."

तिनं लिहिलं. बोट ठेवून दाखवलं, साहेबांनी तिथं सही केली. अकराही दाखले! मी डोळे पुसले. सुंदरबाईनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

"राह्यला एकच खण," पंचफुला म्हणाली. "शिक्षिकेचं शिक्षण. सातवी पास पाहिजे, असं लिवलं हाये. काकू, तुमचं किती?"

माझ्या कानशिलांत आग झाली. आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं! मी खाकरले. "त्याचं असं आहे, की एका अंगानं पाहिलं तर..."

"काकू, आकडा सांगा. खन ल्हाना हाये."

"...चौथी," मी म्हणाले.

साहेब हबकले. नियमाप्रमाणे चौथीवाल्या बाईला शिक्षिका दाखवता येत नव्हतं, आणि शिक्षिका नाही तर वर्ग बंद! मग त्यांनी दारातल्या आकृतीकडे मान वळवली. "शेठजी, आपण?"

"म्याट्रिक," आमचे हे म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं सहज चौकशी आहे!

अशा रीतीनं माझ्या वर्गाला हुकूमचंद गुरुजी मिळाले आणि शिकणाऱ्यांच्या यादीत बारावं नाव माझं चढलं. त्या दिवशी म्हैस घेतली गेली नाही, एवढाच काय तो गुरुजींना दिलासा.

आठवड्याभरात पंचफुला दवाखान्यात रुजू झाली. पहिल्या दिवशी पांढरी साडी नेसून दाखवायला आली, मी तिला गूळ दिला, ती घाईतच होती. त्या दुपारी हे गल्ल्याला कुलूप लावून गोदामात आले, खुर्चीवर बसले आणि हजेरी घ्यायला लागले. मी मागं, पोत्याला टेकून, पाटी घेऊन बसले होते. अंजना, सुंदरबाई, सगळ्या झाल्या. बाराव्या नावापाशी हे अडले. वहीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत वहीत पाहिलं. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. बावीस वर्षांत मी 'ऐकतं का व' आणि 'कुठं मेली' यावरच ओ देत आले होते.

"पानाबाई," हे हळूच म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

मी इतकी दचकले की काय बोलायचं तेच आठवेना. शेवटी सुंदरबाईनं कोपरानं ढोसलं, "बोल ना व, हजर म्हन. नाई तं गैरहजर लागन!"