म्हाताऱ्या मशीनची ताकद

मशीन जुनी झाली म्हणून कामातून जात नाही, तिला माणूस बरा भेटावा लागतो. झाडं कापायच्या माझ्या जुन्या मशीनसाठी तो माणूस मीच, अशी माझी तान्ह्या पोळ्यापर्यंत पक्की समजूत होती.

मी सौंसरला शाळेत मास्तर, आणि आमचा संत्र्याचा बगीचा रामाकोन्याच्या रस्त्याला. घरही तिथंच. बगीच्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक वाळकी बाभूळ उभी होती. ती कापायला हेमराजला बोलवा, असं वंदना, म्हणजे माझी बायको, महिनाभर सांगत होती. हेमराज तिचा भाऊ. त्याच्याकडे नवीकोरी मशीन आहे आणि एकदा ती आणली की तो वर्षभर तेवढंच बोलतो. साळ्याचे उपकार घेण्यापेक्षा मी माझ्याच मशीनची ताकद वाढवायचं ठरवलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळीच मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले. फिल्टर धुतला, प्लग बदलला, नवी चेन चढवली आणि सायलेन्सरच्या तोंडची जाळी काढून फेकून दिली. मशीनला श्वास मोकळा पाहिजे, हे वंदनाला नीट समजावलं. तिनं चेनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली.

त्याच दुपारी पांढुर्ण्याचे व्यापारी अंकुशशेठ संत्र्याचा आंबिया बहार पाहायला येणार होते. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच व्यापारी बगीचा फिरून बघतो आणि अख्ख्या पिकाचा सौदा करतो. आमच्या केतकीचं नागपूरचं कॉलेज ह्याच सौद्यावर चालणार होतं. म्हटलं, शेठ येण्याआधी बाभूळ आडवी करून टाकू.

दोरी ओढली. काय तो आवाज! कोठ्यातला बैल बेगड लावलेल्या शिंगांसकट मोहगावच्या दिशेनं सुटला. ताकद वाढली ह्यात मला तिळमात्र शंका उरली नाही.

फक्त एक गोष्ट मी विसरलो. आमच्या भागात बगीच्यात मशीन वाजली की लोक एकच अर्थ काढतात. झाडांना रोग लागला, मालक बगीचा तोडतोय.

मशीन गरम करावी म्हणून मी ती चालूच ठेवली होती, तेवढ्यात शेजारच्या शेतातले केशवराव आले. टोपी काढून हातात धरलेली. माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण वडीलधारा माणूस म्हणून मी मान डोलावली. त्यांनी डोळे पुसले. मग गावातल्या देवकाबाई दोर आणि कुऱ्हाड घेऊन आल्या, त्यांनी काही विचारलं. मी पुन्हा मान डोलावली. देवकाबाई खूश होऊन हाका मारत रस्त्याकडे गेल्या. मशीन बंद करून मागे वळलो, तर निम्मं रामाकोना कुऱ्हाडी घेऊन माझ्या बगीच्यात उभं होतं, आणि फाटकात ट्रॅक्टरची ट्रॉली लागत होती.

ट्रॉलीच्या मागे अंकुशशेठची गाडी.

शेठ गाडीतून उतरले, पण फाटकाच्या आत येईनात. म्हणाले, "मास्तर, रोगाचा बगीचा माह्या गळ्यात मारून राहिले काय?"

शेठ इथून परतले असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पांढुर्ण्यात बातमी गेली असती आणि दुसरा व्यापारीही फिरकला नसता. फक्त धुऱ्यावरची बाभूळ कापायची आहे, असं मी काकुळतीला येऊन सांगू लागलो. पण केशवराव पडले सत्यवचनी. "म्या इचारलं, पुरा बगीचा काय? मास्तर हो म्हणाले," त्यांनी साक्ष दिली. देवकाबाईंनाही सरपणाला फांद्या कबूल झालेल्या होत्याच.

शेठ म्हणाले, "बाभूळच कापाची हाय ना? मंग कापून दाखवा."

मी मशीन चालू केली आणि सगळा जोर लावून बाभळीला टेकवली. कानठळ्या बसल्या, धूर झाला, झाडावरचे बगळे उडाले. बऱ्याच वेळानं धूर विरला तेव्हा बाभळीवर एक काळी रेघ दिसत होती, चांगली गुळगुळीत. देवकाबाई कुऱ्हाड खाली ठेवून बसल्या.

शेठ फाटकातून आत आले. त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि खोकला लागेपर्यंत हसले. "ह्या मशीननं दोडका कटत नाही मास्तर, बगीचा काय कटते! चला, माल दाखवा."

सौदा झाला, तोही चांगला. जाताना शेठनं एकच अट घातली. फळ उतरेपर्यंत ही मशीन दुसऱ्या कोणाला दुरुस्त करू द्यायची नाही.

लोक गेले, बैल सापडला. मी ओट्यावर मशीन घेऊन बसलो आणि वंदनाला म्हणालो की एवढी ताकद वाढवली, ती जाते कुठं तेच समजत नाही.

"चेन उलटी बसवली हाय तुम्ही," ती म्हणाली. "सकाळीच दिसलं मले."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"बाभूळ आपल्या संत्र्यायले खेटून हाय. म्हटलं, तुमच्या हातात नुसता आवाजच बरा."

फळ उतरल्यावर हेमराजनं येऊन बाभूळ पाडली. चहा संपायच्या आत! ताकद असेल त्याच्या मशीनला, पण आवाज अजून माझ्याच मशीनचा मोठा आहे.