वचनपत्र खाली उतरलं

आमच्या मठाचं बालसुरक्षा वचनपत्र जूनच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर, भिंतीवरच्या फलकावरून खाली उतरलं आणि त्यानं मदर सुपिरिअरच्या भेटीची वेळ मागितली. मी मठाची सचिव, तेव्हा साडेनऊची वेळ मीच दिली.

मदर बेनेडिक्टा रुमाव यांनी त्याला खुर्ची दिली. बारा पानं, वर प्लास्टिकचं आवरण; बसताना त्याला जरा त्रास झाला.

"माझ्या पहिल्याच पानावर लिहिलंय, की ही माहिती प्रत्येक मुलीपर्यंत पोहोचवली जाईल," ते म्हणालं. "मला कुणीच पोहोचवलं नाही. आता स्वतःच जावं म्हणतोय."

"तसा लेखी अर्ज द्या," मदर म्हणाल्या.

"मी लेखीच आहे."

मदरनी परवानगी दिली आणि सोबत मला पाठवलं.

मठाच्या वसतिगृहात चाळीस मुली, बहुतेक डोंगराकडच्या पाड्यांवरच्या. वचनपत्रानं वाचायला सुरुवात केली, "ही संस्था बालकांच्या सर्वांगीण सुरक्षिततेप्रती कटिबद्ध आहे."

चौथीतली वनिता धोडी उभी राहिली. "म्हंजे काय?"

वचनपत्रानं पान मिटलं. मग म्हणालं, "म्हणजे तुला कुणी त्रास दिला, तर तू सांगायचं आणि आम्ही ते खरं मानायचं."

"कुणाला सांगायचं?"

त्यानं नववं पान उलटलं. तिथे 'संबंधित अधिकारी' असं होतं.

"ते कुठं बसतात?"

वचनपत्र तडक मदरकडे परतलं. "मला नाव हवंय."

"नाव समिती ठरवते. समिती ऑगस्टमध्ये बसते."

"मुलगी आत्ता उभी आहे."

मदरनी पेन उचललं. मग त्यांनी 'संबंधित अधिकारी' खोडून स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं: स्वयंपाकघराशेजारची खोली.

वचनपत्रानं ते जाऊन मुलींना वाचून दाखवलं. त्याच दुपारी वनिता त्या खोलीत आली. गाण्याचे सर सरावानंतर तिला एकटीलाच थांबवायचे, दार लावून घ्यायचे, आणि मग जे करायचे ते तिला नको होतं. एवढं सांगून ती टेबलाची कड नखानं खरवडत राहिली.

मदरनी खोदून काही विचारलं नाही. "सांगितलंस ते फार बरं केलंस, बाय. तुझं काहीच चुकलं नाही."

वनिता गेली आणि मदर डोकं धरून बसल्या. सर बावीस वर्षं आमच्याकडे येत होते. मदरच्या आईच्या अंत्यविधीला तेच गायले होते. आणि मठाचा सण दहा दिवसांवर होता.

"सण झाल्यावर..." मदर पुटपुटल्या.

"पान चार," टेबलावरून वचनपत्र हळूच म्हणालं.

पान चारवर 'तात्काळ' हा शब्द होता. मदरनी तो दोनदा वाचला आणि पोलिसांना फोन लावला. सरांचं मठात येणं त्याच दिवशी बंद झालं. शुक्रवारपर्यंत आणखी दोन मुली स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत येऊन गेल्या.

सणाच्या दिवशी चर्चमधल्या मिस्साला सरांची पेटी वाजली नाही. मुली नुसत्याच गायल्या, दोन ठिकाणी सूर सुटला. इतकं मोकळं गाणं मी आमच्या देवळात कधी ऐकलं नव्हतं.

वनिताची आई, मंगीबाई, आली होती. तिनं मदरचे हात धरले. "लई उपकार झाले."

"उपकार तुमच्या लेकीचे," मदर म्हणाल्या. "आमचं वचन तिनं खरं करून घेतलं."

मंगीबाईनं वचनपत्राकडे पाहिलं. "पाड्यावरच्या पोरींनाही ऐकायचंय. चार दिवस नेऊ का याला?"

मदरनी वचनपत्राला विचारलं. ते एका पायावर तयार होतं. मी रजा मंजूर केली. आम्ही सगळ्याजणी त्याला स्टँडवर पोचवायला गेलो. मंगीबाईनं त्याला खिडकीशी बसवलं. एस.टी. सुटली, तशा मदर दोन पावलं सोबत धावल्या आणि ओरडून म्हणाल्या, "पानं बाहेर काढू नकोस रे!"